ऑर्केस्ट्रात खुर्ची एकच: हार्पवाल्या बायकोच्या व्यवसायाविषयी

चारचाकी_हमाल (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर मी सहज लिहून गेलो की माझी बायको हार्प, म्हणजे बोटांनी तारा छेडायचं ते माणसाहून उंच वाद्य, वाजवते आणि आमचं निम्मं घर त्यावर चालतं. त्यानंतर व्यनि (व्यक्तिगत निरोप) सुरू झाले. 'म्हणजे नक्की काय करते?' 'कुठे नोकरी आहे?' 'त्याचे पैसे मिळतात?' सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो. मी स्वतः काहीही वाजवत नाही. मी शिकागोजवळ एका कंपनीत कोडिंग करतो, आणि शनिवार-रविवारी गाडी चालवतो, वाद्य उचलतो, पार्किंगवाल्याशी भांडतो. तेव्हा हे सगळं हमालाच्या बाजूने वाचा. संगीतातलं काही अडलं तर बायकोला विचारून सांगेन. तिला मराठी समजतं, लिहिता येत नाही.

आधी साधा हिशोब. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात शंभरेक माणसं असतात. त्यात व्हायोलिनवालेच तीसेक. हार्पची खुर्ची एक, क्वचित दोन. व्हायोलिनची जागा निघते, कोणी निवृत्त होतं, कोणी गाव बदलतं, दर वर्षी कुठे ना कुठे भरती असते. हार्पच्या खुर्चीवर बसलेलं माणूस मात्र उठत नाही. क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रात ॲलिस शालिफू १९३१ साली बसल्या आणि १९७४ साली उठल्या. मधल्या त्रेचाळीस वर्षांत जे कोणी हार्प शिकून तयार झाले, त्यांच्यासाठी क्लीव्हलंडचं दार उघडलंच नाही. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये मारी-पियेर लांगलामे १९९३ मध्ये आल्या. म्हणजे जगातल्या नामांकित जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात आणि त्यातलीही एखादी रिकामी झाली तर अर्ज जगभरातून.

मग ऑडिशन. बरेचदा पडद्यामागून वाजवायचं, परीक्षकांना वाजवणारा दिसत नाही. कित्येक ठिकाणी खाली गालिचा अंथरतात, कारण टाचांच्या आवाजावरून बाई की बुवा ते कळतं. यादी साधारण ठरलेली: चायकोव्स्कीच्या बॅलेंमधले एकट्या हार्पचे तुकडे, बार्टोकचा 'कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा', रावेल, ब्रिटन, वाग्नर. वर्षभर घोटलेलं दहा मिनिटांत संपतं आणि नंतर यादीत आपला नंबर आहे की नाही एवढंच कळतं. बायकोने अशा बऱ्याच दिल्या. दोनदा शेवटच्या फेरीपर्यंत गेली. त्या काळात घरात चायकोव्स्कीच्या 'नटक्रॅकर' बॅलेमधल्या फुलांच्या वॉल्ट्झच्या सुरुवातीचा तुकडा इतका ऐकलाय की मी तो झोपेत शिट्टीवर वाजवतो, असं ती म्हणते.

सध्या ती इथून दीड तासावरच्या एका छोट्या शहराच्या ऑर्केस्ट्रात प्रिन्सिपल हार्प आहे. भारदस्त पद, पण हाताखाली कोणी नाही आणि वर्षाला कार्यक्रम मोजके. पगार नाही, 'सर्व्हिस'वर पैसे. एक तालीम म्हणजे एक सर्व्हिस, एक कार्यक्रम म्हणजे एक सर्व्हिस, साधारण अडीच तासांची. आमच्या भागात एका सर्व्हिसला सव्वाशे ते दोनशे डॉलर मिळतात. वर वाद्य आणण्याचे वेगळे पैसे, त्याला 'कार्टेज' म्हणतात. ही वादकांच्या युनियनची कृपा. बासरीवाली बाई पर्समधून वाद्य काढते, हिला व्हॅन लागते, हे युनियनने फार पूर्वीच ओळखलं. (कार्टेजमधला माझा वाटा मी अजून मागितलेला नाही.) तुलनेसाठी सांगतो, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या २०२४ च्या करारानुसार २०२६-२७ च्या मोसमात तिथला किमान मूळ वार्षिक पगार २ लाख ५ हजार डॉलर आहे. दोन्हीकडे वाजवायच्या नोटा त्याच.

बाकीची कमाई फ्रीलान्स. एक खरा डिसेंबर सांगतो. 'नटक्रॅकर'चे प्रयोग, शनिवार-रविवारी दुपारी एक आणि रात्री एक. मधल्या वारी चर्चमध्ये ब्रिटनचं 'अ सेरेमनी ऑफ कॅरल्स', मुलांचा कोरस आणि एकटी हार्प. १९४२ चं हे काम हार्पवाल्यांची दिवाळी आहे, दर डिसेंबरला कोणी ना कोणी बसवतंच. एका हॉटेलात दुपारचा चहा, तिथे तीन तास कोणाच्याही गप्पांत व्यत्यय येणार नाही असं वाजवायचं. दोन लग्नं. एक अंत्यविधी. आणि सोमवार-मंगळवार शिकवण्या. जानेवारीत मग फोन वाजतच नाही आणि ती कपाटं आवरायला काढते.

फोन. या धंद्यात सगळं त्यावर आहे. मोठ्या ऑर्केस्ट्राची हार्पवाली आजारी पडली किंवा दोन हार्पचं काम आलं की बदली माणूस लागतं. त्यांच्याकडे 'सब लिस्ट' असते. त्या यादीतलं पहिलं नाव व्हायचं, हेच आमच्याकडे करिअर. त्यासाठी वाजवणं उत्तम हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही. तालमीच्या तासभर आधी पोचून सुरात लावून बसायचं. मुख्य हार्पवालीने पेडलच्या खुणा जशा केल्यात त्याला नावं ठेवायची नाहीत. चुकलं तर चेहऱ्यावर दाखवायचं नाही. कंडक्टर दुसऱ्या कोणावर ओरडत असताना तारांकडे बघत राहायचं. एकदा रात्री सव्वानऊला फोन आला, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तालीम, स्ट्राउस. तिने आधी 'हो' म्हटलं आणि मग वाजवायच्या नोटा शोधल्या. त्या एका 'हो'वर पुढची कितीतरी कामं आली.

वाद्याविषयी थोडं. कॉन्सर्ट हार्पला ४७ तारा, सात पेडल, उंची सहा फुटांच्या वर, वजन चाळीस किलोच्या आसपास. तारांचा एकत्रित ताण टनाच्या घरात जातो, म्हणून लाकडी साउंडबोर्ड (तारा जिच्यात बसवतात ती फळी) वर्षानुवर्षं हळूहळू फुगत जातो. व्हायोलिन जुनं होऊन महाग होतं, हार्प जुनी होऊन दमते. उचलताना ती मागे खांद्यावर कलती करायची, खाली चाकांची गाडी सरकवायची, पट्टा आवळायचा. पायऱ्या असतील तर दोन माणसं, आणि दुसऱ्याने 'हळू, हळू' म्हणायचं नाही, बायको चिडते.

विचारा काय विचारायचं ते.

---

पुणेरी_खवचट

वाचनीय. पण मला सांगा, टीव्हीवर बघतो तेव्हा ती हार्पवाली बाई बहुतांश वेळ बसलेलीच असते. अडीच तासांचे पैसे आणि काम दहा मिनिटं? भरती कुठे आहे? (हलके घ्या.)

---

चारचाकी_हमाल

दहा? बेर्लिओझच्या 'सिंफनी फँटास्टिक'मध्ये (१८३०) पाच भाग आहेत, आणि हार्प आहे फक्त दुसऱ्यात, नाचाच्या प्रसंगात. सहा-सात मिनिटं. बाकीचा पाऊण तास मी कॅन्टीनमध्ये आणि ती स्टेजवर. त्यात हे महाशय लिहून गेलेत की हार्पसाठी लिहिलेल्या दोन्ही ओळींना प्रत्येकी किमान दोन, म्हणजे चार हार्प घ्या. घेतात दोनच. वाग्नरने 'राइनगोल्ड' ऑपेरात सहा हार्प मागितल्यात, ती वेळ आली की राज्यभरातल्या हार्पवाल्यांना काम मिळतं.

पण बसणं फुकटचं नाही. ती सतत मोजत असते. एकशे चौदा मात्रा गप्प आणि एकशे पंधराव्या मात्रेला एकच स्वर, तो बरोबर ठिकाणी, हव्या तेवढ्या आवाजात. स्टेजवरच्या दिव्यांनी तोवर तारा उतरलेल्या असतात, बोटं गार झालेली असतात. स्मेतानाच्या 'विशेह्राद'ची तर सुरुवातच हार्पने होते. कंडक्टर येतो, टाळ्या थांबतात, आणि बाकी ऑर्केस्ट्रा तुमच्याकडे बघत बसतो. त्यापेक्षा मोजणं बरं, असं तिचं मत.

---

गंधार_निषाद

मी सतार शिकतो (बरीच वर्षं शिकतोच आहे). हार्पविषयी मला पडलेलं कोडं: प्रत्येक सुराला वेगळी तार आहे, मग कोमल-तीव्र कुठून काढतात? आणि पेडल नेमकं काय करतं? पियानोसारखं आवाज लांबवायला?

---

चारचाकी_हमाल

बायकोने सांगितलं ते जमेल तसं मराठीत लिहितो.

पियानोच्या पेडलशी याचा संबंध नाही. एका सप्तकात सातच तारा: सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. पियानोच्या काळ्या पट्ट्यांसाठी तारा नाहीतच. सगळ्या 'सी' तारा लाल, सगळ्या 'एफ' तारा काळ्या किंवा निळ्या, म्हणजे कुठे आहोत ते कळतं. सात स्वरांना सात पेडल. डाव्या पायाला डी, सी, बी, उजव्या पायाला ई, एफ, जी, ए. प्रत्येक पेडलला तीन खाचा. वर असेल तर त्या नावाच्या सगळ्या तारा, वरपासून खालपर्यंत, फ्लॅट, म्हणजे अर्धा स्वर खाली. मधल्या खाचेत शुद्ध. खाली दाबून अडकवलं की शार्प, म्हणजे अर्धा स्वर वर. पेडलपासून निघालेले दांडे पुढच्या पोकळ खांबातून वर जातात आणि तिथल्या चकत्या फिरवतात. चकतीला दोन खुंट्या असतात, त्या तारेला धरून तेवढी आखूड करतात. एरार्ड नावाच्या फ्रेंच कारागिराने १८१० मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि तत्त्व आजही तेच आहे.

म्हणजे वरून गंगा वाहते आहे असं दिसतं, पण खाली दोन्ही पाय धावत असतात. आधुनिक तुकड्यात एका ओळीत सात-आठ पेडल बदल येतात. ती प्रत्येक नवीन नोटेशनवर पेन्सिलीने आधी पेडलच्या खुणा करते, वाजवणं नंतर. करंगळी हार्पवर वापरत नाहीत, दोन्ही हातांची चार-चार बोटंच.

---

गंधार_निषाद

दंडवत! मग रागाचं काय? पाचच स्वरांचा राग असेल तर उरलेल्या दोन तारा मध्ये येणारच ना? हात फिरवला की वर्ज्य स्वर लागणार.

---

चारचाकी_हमाल

हा प्रश्न मी लग्नानंतर पहिल्या वर्षी विचारला होता आणि त्यावर ती फार खूश झाली होती. हार्पची खरी गंमत इथे आहे. वर्ज्य स्वर काढून टाकायचा नाही, त्याला शेजाऱ्याच्या सुरात बसवायचा.

भूप घ्या, सा म्हणजे सी. सगळी पेडल्स मधल्या खाचेत. फक्त 'एफ' वर घ्या, म्हणजे एफ फ्लॅट, तो ऐकायला 'ई'च, म्हणजे गंधार. आणि 'बी' खाली दाबा, बी शार्प म्हणजे 'सी', षड्ज. आता सातही तारांवरून हात फिरवला तरी सा रे ग प ध एवढंच ऐकू येतं, त्यात सा आणि ग दोन-दोन तारांवर. मालकंसही होतो: डी आणि जी खाली, ई, ए, बी वर, सी आणि एफ मध्ये. डी शार्प आणि ई फ्लॅट दोघेही कोमल गंधार, जी शार्प आणि ए फ्लॅट दोघेही कोमल धैवत.

आमच्या लग्नाच्या पार्टीत तिने माझ्या आजीला हा भूप ऐकवला. आजी म्हणाली, छान आहे, पण मींड कुठे आहे? मींड नाहीच. तार वाजत असताना पेडल सरकवलं तर एक अर्धा स्वर घसरतो, तेवढंच. राग मांडायला ते पुरत नाही, आणि ती मांडते असा तिचा दावाही नाही.

---

गंधार_निषाद

हंसध्वनी? सा रे ग प नि. मी कागदावर करून पाहिलं, मध्यम गंधारात मिसळतो, पण धैवताला जागा मिळत नाही. ए खाली केला तर कोमल निषाद, वर केला तर कोमल धैवत.

---

चारचाकी_हमाल

बरोबर, सी-पासून होत नाही. हे तिला रात्री जेवताना विचारलं तर तिने हवेत पाय हलवून उत्तर दिलं: सा बदला. सगळी पेडल्स वर, सा म्हणजे सी फ्लॅट. आता फक्त एफ आणि ए पूर्ण खाली. एफ शार्प म्हणजे जी फ्लॅट, पंचम. ए शार्प म्हणजे बी फ्लॅट, निषाद. झाला हंसध्वनी. सगळी पेडल्स वर असताना तारा सर्वात लांब आणि मोकळ्या असतात, त्यामुळे आवाजही जास्त घुमतो म्हणे.

---

गंधार_निषाद

मान गये. वहिनींना नमस्कार सांगा.

---

म्युनिकची_माई

हार्पवाल्या 'बाई' असं सगळेच लिहिताहेत, त्यावरून. माझा नवरा ऑस्ट्रियन, सासरी नवीन वर्षाच्या सकाळी व्हिएन्ना फिलहार्मोनिकची मैफल म्हणजे पूजेसारखी. तिथे अना लेल्केस नावाची हार्पिस्ट सत्तरच्या दशकापासून वाजवत होती. पण ऑर्केस्ट्रात बायका सदस्य नसत. वाजवत होती, तरी सदस्य नव्हती! १९९७ च्या फेब्रुवारीत, अमेरिका दौऱ्याच्या तोंडावर बराच गदारोळ झाल्यावर तिला सदस्यत्व दिलं, त्या ऑर्केस्ट्राची पहिली स्त्री सदस्य. वीसहून जास्त वर्षं कुटुंबात राबवून घ्यायचं आणि शिधापत्रिकेवर नाव नाही, असला प्रकार. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, 'पण आम्हाला ती दिसायची की!'

---

चारचाकी_हमाल

माई, धन्यवाद. अमेरिकेत हे दार हार्पमुळेच उघडलं. १९३० मध्ये कंडक्टर स्तोकोव्स्कीने एडना फिलिप्सला फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात प्रिन्सिपल हार्प म्हणून घेतलं. वय तेवीस, कर्टिस या फिलाडेल्फियातल्या संगीत महाविद्यालयातली, कार्लोस साल्सेदोची विद्यार्थिनी. मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्रात प्रमुख वादकाची जागा मिळवणारी ती पहिली बाई. पुढे तिनेच पुढाकार घेऊन नवीन हार्प कॉन्सर्टो (हार्प पुढे, ऑर्केस्ट्रा साथीला अशा रचना) लिहून घेतले. अर्जेंटिनाच्या हिनास्तेराचा कॉन्सर्टो, जो आज प्रत्येक स्पर्धेत वाजतो, त्यातलाच. तिने वाजवणं सोडेपर्यंत तो पुरा झाला नव्हता, म्हणून १९६५ मध्ये पहिल्यांदा वाजवला स्पॅनिश हार्पवादक सबालेताने.

बायकोचं यावरचं मत तिखट आहे. हार्प ही पूर्वी श्रीमंत घरातल्या मुलींनी दिवाणखान्यात वाजवायची चीज होती. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसमध्ये बासरी आणि हार्पचा कॉन्सर्टो लिहिला तो एका ड्यूकसाठी आणि त्याच्या मुलीसाठी. (ड्यूकने पैसे बुडवले. फ्रीलान्सरांनी नोंद घ्यावी.) त्यामुळे 'हार्प वाजवणारी बाई' डोळ्यांना खटकत नव्हती, ट्रॉम्बोन वाजवणारी खटकली असती. आदर वगैरे काही नव्हता त्यात, असं तिचं म्हणणं.

---

इतिहासाचार्य_ज्युनियर

अवांतर: हार्प आपल्याला परकी नाही. गुप्त सम्राट समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर तो जी वीणा वाजवताना दिसतो ती धनुष्याकृती हार्पच आहे, आजची रुद्रवीणा नव्हे. तमिळांचं याळ त्याच घराण्यातलं. ब्रह्मदेशात 'साऊंग' अजून वाजते. आपल्याकडे ती मागे पडली आणि दांडीच्या वीणा आल्या. मींड नाही म्हणून मागे पडली असावी असा माझा कयास, आजींचा प्रश्न योग्यच होता.

---

चर्चगेट_स्लो

आम्ही मुंबईकर एनसीपीएत (नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात) बसून हार्प बघतो. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, मरात बिसेनगालिएव्ह आणि खुशरू सनटूक यांनी उभा केलेला, आणि सुरुवातीपासून त्यात कझाकस्तानचे वादक बरेच. बाल्कनीच्या बाजूच्या स्वस्त खुर्च्या घ्या, तिथून हार्पवालीचे पाय दिसतात. हा धागा वाचल्यावर पुढच्या वेळी मी तेच बघणार.

बाकी आपल्या सिनेमात स्वप्नदृश्य सुरू झालं की स्वरमंडळावर सर्रकन हात फिरायचा, तेच काम हॉलिवूडमध्ये हार्पने केलं.

---

बीटल्सभक्त_ठाणे

रेकॉर्डिंगचा विषय निघालाच आहे तर. बीटल्सच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर' अल्बममधल्या 'शी इज लीव्हिंग होम'ची सुरुवात हार्पने होते. वाजवली शीला ब्रॉमबर्गने. फ्रीलान्सर, रात्री बोलावलं, वाजवलं, घरी गेली. मिळाले नऊ पौंड. तिचं नाव त्या कव्हरवर नाही. २०२१ मध्ये गेली. आयुष्यभर ऑर्केस्ट्रांत, टीव्हीवर, किती तरी लोकांबरोबर वाजवलं आणि जगाने लक्षात ठेवली ती त्या नऊ पौंडांच्या रात्रीसाठी.

---

चारचाकी_हमाल

आमच्या घरात हे नऊ पौंड म्हणजे मोजमाप आहे. कोणी 'प्रसिद्धी मिळेल' म्हणून फुकट बोलावलं की ती म्हणते, शीलाला निदान नऊ मिळाले होते.

उलट बाजूचं उदाहरण: न्यूयॉर्कमध्ये 'द फँटास्टिक्स' नावाचं संगीत नाटक १९६० ते २००२, सलग बेचाळीस वर्षं चाललं. त्याचा ऑर्केस्ट्रा म्हणजे एक पियानो आणि एक हार्प, बस्स. स्टेजपुढच्या त्या वादकांच्या खड्ड्यात किती हार्पवाल्यांचं घरभाडं निघालं असेल!

---

कोथरूड_कट्टा

सगळं ठीक, पण वाद्य केवढ्याला? आणि एवढ्या गुंतवणुकीवर परतावा काय? माझा मुलगा गिटार मागतोय, ती आठ हजारांत येते.

---

चारचाकी_हमाल

मुलाला गिटार घेऊन द्या, हा धागा त्याला दाखवू नका.

मोठी कॉन्सर्ट ग्रँड नवी घ्यायची तर पंचवीस-तीस हजार डॉलरच्या पुढेच. सोनेरी मुलामा, कोरीव काम हवं असेल तर आकडा कुठेही जातो. नावाजलेले कारखाने थोडेच: शिकागोचं लायन अँड हीली, इटलीचं साल्वी, फ्रान्सचं कामाक. आमची शिकागोचीच, वापरलेली घेतली, कर्ज काढून. त्याच वर्षी आमची गाडी बंद पडली होती आणि कर्ज कशासाठी काढायचं यावर चर्चाही झाली नाही. गाडी नंतर घेतली, तीही हार्प आडवी मावते का हे टेप लावून बघून. विक्रेता मायलेज सांगत होता, आम्ही मागच्या दाराची उंची मोजत होतो.

वर खर्च: खालच्या तारांना धातूची गुंडाळी, मधल्या आतड्याच्या, वरच्या नायलॉनच्या. आतड्याच्या तारा हवेला फार लाजाळू. शिकागोच्या हिवाळ्यात हीटर लागला की घरातली हवा कोरडी होते आणि रात्री दोनला फाट्कन आवाज येतो. पहिल्यांदा मी चोर समजून उठलो, आता कूस बदलून 'कुठली गेली?' विचारतो. नवी तार बसली तरी काही दिवस सूर धरत नाही, ताणत जाते. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तुटली तर घरात बोलायचं नाही.

---

डॉलरबहू_नव्हे

लग्नांविषयी लिहा ना. आपल्या लोकांच्या लग्नात कधी वाजवलं का वहिनींनी?

---

चारचाकी_हमाल

आधी सर्वसाधारण. लग्नाच्या करारात तिच्या अटी असतात: सावली हवी, जमीन सपाट आणि कोरडी हवी, हात नसलेली खुर्ची हवी, पावसाची शक्यता असेल तर आतली जागा आधीच ठरवा. उन्हात सूर पाच मिनिटांत पळतो. वारा असेल तर तारा आपोआप गुणगुणतात, कोणी हात न लावता. लोकांना ते रोमँटिक वाटतं, तिला नाही. एका हॉटेलात लिफ्ट बंद होती, तर आम्ही हार्प मालाच्या लिफ्टमधून, स्वयंपाकघरातून, कांदे कापणाऱ्या माणसांच्या मधून नेली. नवरी यायला सात मिनिटं होती. ती सातही मिनिटं बायको सूर लावत होती.

आपल्या लोकांचं एक केलं, शिकागोच्या उपनगरात, मुलगी मराठी, मुलगा आयरिश. मुलाकडच्यांना हार्प हवी होती, आयर्लंडचं चिन्हच आहे ते. बायको अंतरपाटापासून सुरक्षित अंतरावर बसली होती, असं तिला वाटलं. मंगलाष्टकं संपली आणि एका उत्साही मामांनी मागून, बऱ्यापैकी जोर लावून अक्षता टाकल्या. एक दाणा नेमका साउंडबोर्डवर, तार जिथे लाकडात शिरते तिथे जाऊन अडकला. त्यानंतर मधल्या सप्तकातला एक स्वर वाजला की झ्झ्झ. हार्पवाल्यांना तुटलेली तार परवडते, झणझण परवडत नाही, कारण ती कुठून येते ते सापडत नाही. तिने वाजवता वाजवता तो स्वर टाळायला सुरुवात केली, पूर्ण वीस मिनिटं तो स्वर सोडून वाजवलं, आणि पंगत बसल्यावर मी टॉर्च घेऊन तांदूळ शोधला. हळद लागलेला होता म्हणून दिसला तरी. आता करारात एक ओळ वाढली आहे, तांदूळ, फुलं, बुडबुडे यांच्यापासून अमुक फूट अंतर.

---

पुणेरी_खवचट

मामांना कार्टेज मिळालं का?

---

एडिसनची_आई

खूप माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न जरा गंभीर आहे. मुलगी पंधरा वर्षांची, चार वर्षं लिव्हर हार्प (पेडल नसलेली, हाताने लिव्हर फिरवायची लहान हार्प) वाजवते, शिक्षिका म्हणतात हात चांगला आहे. आता म्हणते कॉलेजात हार्पच करणार. तिचे बाबा म्हणतात छंद म्हणून ठेव. मी मध्ये अडकले आहे. वहिनी काय सांगतील?

---

चारचाकी_हमाल

ताई, हे उत्तर पूर्ण तिचं आहे, मी फक्त टाइप करतोय.

ती म्हणते, पहिली गोष्ट, लिव्हर हार्पवरून निर्णय घेऊ नका. पेडल हार्प आधी भाड्याने आणा, बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या भाड्याने मिळते आणि काही दुकानं नंतर विकत घेतली तर भाडं किमतीतून वजा करतात. सहा महिने दोन्ही पाय गुंतवून वाजवू दे. कित्येक मुलींचा उत्साह तिथे संपतो आणि त्यात काही वाईट नाही.

दुसरी गोष्ट, तिला युथ ऑर्केस्ट्रात घाला. एकटीने घरात सुंदर वाजवणं वेगळं आणि साठ जणांत कंडक्टरच्या काठीवर नेमकं पडणं वेगळं. हार्पवाली मुलं एकटी शिकतात, त्यांना दुसऱ्यांबरोबर श्वास घ्यायची सवय उशिरा लागते. हार्प युथ ऑर्केस्ट्रांना मिळत नाही, तिला हातोहात घेतील.

तिसरी, कॉलेज. कर्टिसमध्ये फी नाही, पण हार्पला एका वेळी जेमतेम काही विद्यार्थी. इंडियाना विद्यापीठात हार्पचा विभाग मोठा आहे, ब्लूमिंग्टनची आंतरराष्ट्रीय हार्प स्पर्धा तिथेच भरते. शाळेचं नाव बघण्याआधी शिक्षक बघा, धडा घेऊन बघा, कारण पुढची कामं शिक्षकाच्या फोनवरून येतात. आणि कर्ज काढून संगीताची पदवी घेऊ नका. हे ती दोनदा म्हणाली. तिच्या स्वतःच्या कर्जाचे हप्ते आमच्या लग्नानंतरही चालू होते.

चौथी, तिच्या बाबांसाठी. ऑर्केस्ट्रातली खुर्ची मिळेलच असं धरून चालू नका, नाही मिळाली तर काय याचा हिशोब आत्ताच करा: शिकवणी, चर्च, लग्नं, हॉस्पिटलं, बदली कामं. तो आकडा ऐकून मुलगी तरीही 'हो' म्हणाली तर अडवू नका. बायकोचे वडील अकाउंटंट होते, त्यांनी तिला सतराव्या वर्षी असाच तक्ता करून दिला होता. तिने तो तक्ता घडी करून हार्पच्या खुर्चीच्या पायाखाली लावला, खुर्ची डुगडुगत होती म्हणून.

आणि माझ्याकडून एक, हे मात्र तिने सांगितलेलं नाही: पाठीची काळजी घ्या. उचलताना गुडघे वाकवायचे, कंबर नाही. तिचीही आणि जो कोणी पुढे हमाल होईल त्याचीही.

---

एडिसनची_आई

मनापासून आभार. भाड्याची चौकशी आजच करते. जिन्याचं वळण मोजलं, सव्वातीन फूट आहे. मावेल का?

---

चारचाकी_हमाल

उभी मावेल, पण वळणावर खांब वरच्या बाजूला ठेवा आणि तळ आधी न्या. फोटो व्यनि करा, बघून सांगतो.